माळ्यावरची भांडी, कोकमाचं आगळ आणि शिसं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळचं सासरचं जुनं घर होमस्टेसाठी उघडताना माळ्यावरून बरंच सामान निघालं: पितळेचे दोन मोठे टोप, तांब्याचा बंब, काशाच्या थाळ्या-वाट्या, पितळी खलबत्ता, एक जुनी किटली. शिवाय तुम्ही हौसेने भंगारवाल्याकडून चिनी मातीच्या दोन बरण्या, जड काचेचा नक्षीदार जग आणि जर्मनची जाड कढई घेतलीत. टोपांना गावात आलेल्या कल्हईवाल्याकडून कल्हई करून घेतली. पाहुण्यांना याच भांड्यांतून जेवण वाढायचं मनात आहे. घरात दीड वर्षांचा नातू आहे. आणि मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने ‘जुन्या भांड्यांत शिसं असतं’ असं सांगून तुमची झोप उडवली आहे. सगळंच मोडीत घालू का, असं तुम्ही विचारलंय.

सगळं मोडीत घालू नका. पण सगळं चुलीवरही चढवू नका. धातू तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली आणि आता रत्नागिरीत लोक अशीच भांडी घेऊन दारात येतात, त्यावरून सांगतो: भांडं किती जुनं आहे या प्रश्नाने फारसं काही कळत नाही. आजेसासूबाईंच्या रुखवतात आलेला ठोक्याचा टोप बहुतेक वेळा मुळात चांगला असतो. शिसं येतं ते त्या टोपावर नंतर झालेल्या कामातून. नवी कल्हई, गळती बुजवायला दिलेला डाग, वरचा रंग किंवा झिलई, आणि भंगार वितळवून केलेलं ओतकाम, एवढ्या चार ठिकाणी आधी बघायचं. भांड्यावर कोरलेलं नाव आणि साल वाचून त्याचं वय कळेल, पण त्याला शेवटची कल्हई कोणी आणि कशाने केली ते कळणार नाही. धोका नेमका तिथे आहे.

एक गैरसमज आधी दूर करतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. हिरवट डाग पडतो, चव बिघडते, कधी मळमळतं. ते तांबं आणि जस्त. तांबं निदान बोंब मारून येतं, जिभेला लगेच कळतं. शिशाला चव नाही, वास नाही, रंग नाही. आंबटाशी त्याची जी क्षारं होतात त्यातलं एक, शिशाचं ॲसिटेट, तर चक्क गोड असतं. जुने रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवून दारू गोड करायला वापरत, ते याच गोडीमुळे. त्यामुळे ‘आम्ही इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही’ या वाक्याला शिशाच्या बाबतीत काही अर्थ नाही. झालेलं दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

धातूतून शिसं अन्नात उतरायला तीन गोष्टी मदत करतात: आंबट, उष्णता आणि वेळ. आता आपलं कोकणातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. आमसुलं, आगळ, चिंच, कैरी, ताक, बिंबलं. माशाचं तिखलं आमसुलाशिवाय नाही, सोलकढी आगळाशिवाय नाही, खारातल्या कैऱ्या वर्षभर बरणीत. देशावर ज्या भांड्यात भाकरीचं पीठ मळलं तर चाललं असतं, त्याच भांड्यात आपण आगळ ठेवतो. म्हणून ‘हे भांडं सुरक्षित आहे का’ असं न विचारता ‘यात काय आणि किती वेळ ठेवणार’ असं विचारायला हवं. कोरडे तांदूळ मोजायचं पितळी माप आणि आगळाची बरणी यांना एक नियम लावून चालत नाही.

आता कल्हई. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या सगळ्या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी त्या नव्याकोऱ्या चकचकीत टोपांची आहे.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कल्हईवाला भांडं आधी चिंचेने किंवा आम्लाने घासून स्वच्छ करतो, भट्टीवर तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांब तापल्या भांड्याला टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला रस सगळीकडे फिरवतो. काही मिनिटांचं काम, आणि बघत राहावं असं. कथील शुद्ध असेल तर या सगळ्यात शिशाचा संबंधच येत नाही. कथील अन्नासाठी चांगला धातू आहे.

भानगड किमतीत आहे. कथील शिशाच्या दहापटीहून महाग पडतं. शिवाय शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं आणि शिसं ३२७ ला, पण दोन्हींचं ठरावीक प्रमाणातलं मिश्रण १८३ अंशांनाच पाण्यासारखं होतं. म्हणजे शिसं मिसळलं की माल स्वस्त, जळण कमी आणि रस भांड्यावर सुरेख पसरतो. कल्हईवाला बदमाश असतो असं मी म्हणत नाही. पुष्कळदा त्यालाच बाजारात ‘कथील’ म्हणून सोल्डरची, म्हणजे सांधे जोडायच्या कथील-शिशाच्या मिश्रणाची, कांब विकलेली असते. ६०-४० लिहिलेली कांब म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. तशी कल्हई झाली तर तुमच्या टोपाच्या आतल्या पृष्ठभागात, जिथे सार उकळणार, तिथे चाळीस टक्के शिसं. एवढं शिसं मूळ पितळेत कधीच नसतं.

घरी ओळखायची एक ढोबळ खूण आहे. टोपाच्या आतली बाजू धुऊन पूर्ण कोरडी करा आणि पांढऱ्या कागदाची घडी तिच्यावर दाबून चार-पाच वेळा घासा. कागदावर पेन्सिलीसारखी करडी-काळी रेघ उमटली तर शिसं भरपूर आहे असं धरून चाला आणि तो टोप बाजूला ठेवा. रेघ उमटली नाही तर मात्र सुटलो असं समजू नका, कारण थोडं शिसं असेल तर कागद काही सांगत नाही. नजरेलाही फरक जाणवतो. चांगल्या कथलाची चमक चांदीसारखी पांढरी असते, शिसं जास्त असलं की ती निळसर-करडी दिसते आणि लवकर मंदावते. पण हे सरावाच्या डोळ्याचं काम आहे, त्यावर नातवाचं जेवण सोपवू नये.

पुढच्या वेळी कल्हई कराल तेव्हा कथील तुमचं तुम्ही आणा. धातूच्या व्यापाऱ्याकडून ९९.९ टक्के शुद्धतेचं, पक्क्या बिलावर. एक बारीक कांब कानाजवळ धरून वाकवा: शुद्ध कथील वाकताना बारीक करकरतं, शिसं मिसळलेलं असलं की तो आवाज दबतो किंवा येतच नाही. मग कल्हईवाल्याला सांगा, भाऊ, मजुरी तुझी, माल माझा, आणि काम माझ्यासमोर. चांगला कारागीर याचा राग धरत नाही. त्याने त्याची कांब बाहेर काढली तर ‘राहू दे’ म्हणायचं. नातवाला मात्र त्या अंगणात उभं करू नका, नवसागराचा धूर आणि जुन्या कल्हईची भुकटी दोन्ही त्याच्यापासून लांब हवीत.

आधीच्या कल्हईत शिसं निघालं तर तिच्यावरच नवा थर चढवून भागत नाही. तापल्यावर जुना-नवा रस एकत्रच होतो. आधी जुनी कल्हई तापवून पुसून काढायला लावायची, मग शुद्ध कथील, आणि नंतर पुन्हा तपासणी. हे पुसणं कारागिराचं काम आहे. तुम्ही घरी सँडपेपर किंवा ग्राइंडर लावून खरवडायला बसू नका. आज जे शिसं टोपाला चिकटून आहे ते तुम्ही धुळीच्या रूपाने घरभर कराल आणि रांगणाऱ्या पोराच्या हाताला ती धूळ पहिली लागेल.

कल्हई टिकवायची तर स्टीलच्या घासणीऐवजी नारळाचं सोडण किंवा मऊ कापड वापरा, आणि भांडं रिकामं तापवू नका. फोडणीसाठी कोरडा टोप मोठ्या आचेवर ठेवला की २३२ अंश गाठायला वेळ लागत नाही आणि कल्हईचे थेंब तळाशी जमतात.

दुसरी जागा डागाची. हंडा-कळशी दोन-तीन तुकडे जोडून करत, आणि तो मूळचा सांधा बहुधा पितळी असतो: पिवळा, कठीण, भांड्याच्याच रंगाचा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कळशी गळायला लागली की बाजारात नेऊन डाग दिला जायचा, आणि तो डाग सोल्डरचा. तुमची किटली हातात घ्या. तोटी जिथे पोटाला जोडली आहे तिथे आतून बॅटरीचा उजेड टाका. सांध्याभोवती करड्या रंगाचा, वितळून ओघळल्यासारखा कडा दिसला तर टाचणीच्या टोकाने हलकेच ओरखडा काढा. टाचणी सहज रुतली आणि खाली लख्ख चंदेरी रेघ दिसली की तो सोल्डर समजा. पितळ असं रुतत नाही, आणि रेघ पिवळी येते. ओरखडा काढल्यावर टाचणी पुसून टाका, हात धुवा.

तोटीच्या मुळाशी, बुडाच्या कडेला आणि मुठीच्या रिबिटांच्या आतल्या बाजूला, या तीन ठिकाणी असे डाग सापडतात. आतून सोल्डर असलेली किटली चहाला वापरायची नाही. ‘फक्त पाणीच उकळतो’ असंही नाही. फुलं ठेवा, दिवाणखान्यात मांडा.

आतून डाग लहानसाच दिसतो, म्हणून लोक म्हणतात, एवढ्याशाने काय होतंय. हिशोब करून दाखवतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांसाठी अन्नातून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम शिसं ही संदर्भपातळी धरली आहे, मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांसाठी ८.८. एका ग्रॅममध्ये दहा लाख मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे एक ग्रॅम शिसं हा एका मुलाचा बाराशेहून जास्त वर्षांचा कोटा झाला. किटलीतल्या एका डागात ग्रॅमभर शिसं आरामात असतं. ते सगळं एकदम उतरत नाही हे खरं, पण उतरायला फार थोडंच लागतं.

पितळेबद्दल एक गोष्ट कारागीर जाणतात आणि गिऱ्हाईक जाणत नाही. पत्रा ठोकून किंवा साच्यावर फिरवून जे भांडं घडवतात त्याच्या पितळेत शिसं फार चालत नाही, पत्रा ठोकताना चिरतो. टोप, परात, तांब्या, घंगाळ बहुधा अशी घडवलेली असतात. याउलट ओतीव वस्तूंना आणि लेथवर कातायच्या वस्तूंना शिसं सोयीचं पडतं, कातकाम सुरेख होतं, म्हणून नळ-तोट्यांच्या पितळेत दोन-तीन टक्के शिसं मुद्दाम घातलेलं असतं. आणि ओतकामवाला भंगार वितळवतो तेव्हा त्या नळ-तोट्याच त्याच्या मुशीत जातात. म्हणून तुमचा खलबत्ता मला टोपापेक्षा जास्त खटकतो. तो ओतीव, त्यात तुम्ही कुटणार, म्हणजे धातू झिजून थेट पदार्थात जाणार. त्यात लसूण-चिंचेची चटणी कुटू नका, बाळासाठी सुंठ-वेखंडही उगाळू नका, कुटू नका. दगडी खल आणा. पितळी सोऱ्याचं मात्र मी मनावर घेत नाही. चकलीचं पीठ त्यातून क्षणभर जातं, त्यात आंबट नाही. वापरून झाल्यावर धुऊन कोरडा ठेवा म्हणजे झालं. समई, निरांजन, घंटा यांचा जेवणाशी संबंध नाही, पण लहान मूल निरांजन तोंडात घालणार नाही एवढं बघा.

काशाच्या थाळ्यांबद्दल बातमी बरी आहे. खरं कांसं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ आणि २२. ते तापवून ठोकून घडवतात, आणि त्यात शिसं असलं तर गरम ठोकताना तुटतं. म्हणून जुन्या ठोक्याच्या थाळीत शिसं सहसा नगण्य असतं. थाळी बोटांच्या टोकांवर तोलून लाकडी डावाने कडेला टिचकी द्या. लांबवर घुमणारा नाद आला तर चांगलं लक्षण, शिसं नाद मारून टाकतं. ठप्प आवाज आला तर एक तर थाळीला चीर आहे किंवा धातू भेसळीचा आहे. अलीकडे ‘कांसं’ म्हणून विकली जाणारी स्वस्त ओतीव भांडी या हिशोबात धरू नका. जुन्या थाळ्यांतून भात, भाजी, घावन, मोदक खुशाल वाढा. सोलकढीची वाटी मात्र काचेची किंवा स्टीलची. तिथे शिशापेक्षा तांब्याचा प्रश्न आहे, कढी कळकेल आणि पाहुणा तुम्हाला नावं ठेवेल.

जर्मनची कढई. जुन्या माणसांचं जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि जाड ओतीव प्रकाराला बाजारात हिंडालियम म्हणतात. नामांकित कारखान्याचा दाबून केलेला पत्र्याचा टोप वेगळा, आणि इंजिनाचे सुटे भाग, तारा, डबे वितळवून छोट्या भट्टीत ओतलेली कढई वेगळी. दुसऱ्या प्रकारात भंगाराबरोबर शिसं येतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये आयात केलेल्या काही भांड्यांबद्दल इशारा दिला, त्यात हिंडालियम हे नाव स्पष्ट आलं होतं: या मिश्रधातूंची काही भांडी अन्नात शिसं सोडतात. तुमची कढई कोणाच्या शिक्क्याशिवायची, सेकंडहँड, जाड ओतीव. ती मी फुकटही वापरली नसती. आणि ओतीव ॲल्युमिनियमला कल्हईसारखा उपाय नाही, शिसं अंगातच मुरलेलं असतं. नवीन घ्यायची तर आयएसआय खूण बघून घ्या. भारतीय मानक ब्यूरोने २०२४ मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर ही खूण बंधनकारक असल्याचं जाहीर केलं आहे. तळणाला बिडाची कढई याहून बरी, घावनाला बिडाचा तवा आपल्याकडे असतोच.

सेकंडहँड मालाबद्दल किनाऱ्यावरची एक खास गोष्ट सांगायला हवी, जी पुण्या-मुंबईचा माणूस सांगणार नाही. पाग टाकणारे लोक जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या लावतात, आणि त्या गोळ्या पुष्कळ ठिकाणी घरच्या घरी ओततात. शिसं वितळवायला काय घेतात? घरातली जुनी लोखंडी पळी, फुटक्या कानाची कढई, नाही तर बुडाला जाड असा टोप. पुढे ती पळी भंगारात जाते, आणि भंगारातून कोणाच्या तरी ‘व्हिंटेज’ मांडणीत. लोखंडी पळी किंवा कढई जुनी घेताना आत करडी, चकाकणारी पुटं किंवा वितळून गोठलेले थेंब आहेत का बघा. असतील तर घेऊ नका. घासून, जाळून, चिंच लावून ते जात नाही. तुमच्या शेजारीपाजारी कोणी गोळ्या ओतत असेल तर ते काम घराबाहेर, मुलं आसपास नसताना, आणि त्याच कामाला राखलेल्या भांड्यात करायला सांगा.

आता बरण्या, कारण त्यांत तुम्ही आगळ भरणार आहात. वर तपकिरी, खाली पिवळट-पांढरी अशी जी लोणच्याची बरणी असते ती बहुधा जास्त तापमानाला भाजलेली दगडासारखी माती असते आणि तिची झिलई शिशाची नसते. शिशाची झिलई कमी तापमानाला भाजलेल्या मातीला लावतात, कारण शिशाने काच लवकर वितळते आणि रंग उजळ, तुळतुळीत येतो. म्हणून टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारी जड साधी बरणी ही भडक हिरव्या-केशरी रंगाच्या हलक्या, ठप्प वाजणाऱ्या भांड्यापेक्षा विश्वासाची. पण ‘बहुधा’ या शब्दावर वर्षभराचं आगळ ठेवू नये. आगळ म्हणजे आंबट रस अधिक मीठ, आणि मुक्काम महिनोन्महिने. शिसं उतरवायला याहून सोयीची परिस्थिती मला प्रयोगशाळेतही मिळाली नसती. तिथे आम्ही चार टक्के ॲसिटिक आम्ल भांड्यात २४ तास ठेवून उतरलेलं शिसं मोजतो. तुमचं आगळ ती चाचणी एक दिवस नाही, गणपतीपासून होळीपर्यंत करत राहणार.

म्हणून आगळ, लोणचं, खारातल्या कैऱ्या काचेच्या साध्या बरणीत. जुन्या बरण्यांत झिलई उडालेली, खडूसारखी भुरकट झालेली किंवा आत बारीक भेगांची जाळी पडलेली दिसली तर त्यात खाण्याचं काहीच नको. झिलई शाबूत असेल तर खडे मीठ, आमसुलं न घातलेली सुकी मिरची, कडधान्य ठेवा. चिनी मातीच्या जुन्या कपबश्यांनाही हाच न्याय: नक्षीवरून बोट फिरवा. ती हाताला उंचवट्यासारखी लागत असेल, रंग झिजला असेल, तर ती झिलईच्या वर काढलेली आहे आणि चहात येऊ शकते. कपाच्या काठाला, जिथे ओठ लागतो तिथे रंगीत पट्टा असलेले कप भिंतीवरच शोभतात. इनॅमलचे टवके उडालेले टोप आणि आतून लाल-पिवळा इनॅमल असलेले कटोरे सरळ बाद करा, लाल-पिवळ्यात शिशाच्या जोडीला कॅडमियमही असू शकतं.

जड नक्षीदार काचेचा जग बहुधा क्रिस्टल असेल. अस्सल लेड क्रिस्टलमध्ये वजनाच्या २४ टक्के किंवा त्याहून जास्त शिशाचं ऑक्साइड असतं, म्हणून तर ते इतकं जड आणि इतकं चमकतं. कोकमाचं सरबत त्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू नका. मला विचाराल तर वाढायलाही नको, साधा काचेचा जग पन्नास ठिकाणी मिळतो.

तपासणी कुठे करायची, हा पुढचा प्रश्न. रंग बदलणाऱ्या कांड्या ऑनलाइन मिळतात, घासल्यावर गुलाबी-लाल झाल्या तर शिसं आहे. त्या मुळात भिंतीच्या रंगासाठी केलेल्या. कल्हई आणि सोल्डरवर त्या ठीक काम करतात, झिलईवर मात्र ‘काही नाही’ म्हणाल्या तरी विश्वास ठेवू नका. त्याहून चांगली सोय चिपळूण, रत्नागिरीसारख्या गावात तुमच्या सराफाकडे असू शकते. सोन्याचा कॅरेट दाखवणारं जे यंत्र तो वापरतो ते क्ष-किरणांनी धातू ओळखतं. त्याच्या यादीत शिसं असेल तर टोपाच्या आतल्या कल्हईवर दोन-तीन जागी आणि तळावर बाहेरून एकदा मोजून घ्या. बाहेर तांबं-जस्त आणि आत कथिलासोबत शिशाचा मोठा आकडा आला की कल्हई भेसळीची, भांडं निर्दोष, असा सरळ निष्कर्ष निघतो. सराफाचा आकडा काटेकोर नसतो, पण शून्याच्या आसपास आहे की तीस-चाळीस आहे एवढं तो नक्की सांगतो, आणि तुम्हाला तेवढंच हवंय. त्याची भांडी तपासायची तयारी नसेल तर मुंबई-पुण्याच्या एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत वस्तू पाठवा. धातूत शिसं किती आहे हे एक आणि आम्लात किती उतरतं हे दुसरं. बरणीसाठी दुसरी चाचणी मागा.

तोवर एक घरगुती शिस्त: संशयातल्या भांड्यांच्या बुडाला तेलरंगाने ‘शोभेचं’ असं लिहून टाका. सांगून ठेवलेलं लक्षात राहत नाही. गणपतीच्या गर्दीत कोणीतरी जाऊबाई मदत म्हणून त्याच टोपात आमटी टाकते.

नातवाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलं मोठ्या माणसांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतात, आणि निरुपद्रवी अशी कुठलीही पातळी ठाऊक नाही. मेंदू घडायच्या वयात ते अभ्यासावर, लक्ष लागण्यावर, वागण्यावर परिणाम करतं, तोही कायमचा. नव्या कल्हईच्या टोपातलं सार-वरण त्याने काही आठवडे खाल्लं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. बोटातलं नाही, शिरेतलं रक्त. अमेरिकेत २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही संदर्भपातळी आहे, जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा त्याच्या वर स्रोत शोधून काढायला सांगते. आकडा थोडा वर आला तर घाबरून जाऊ नका. स्रोत बंद केला की रक्तातलं प्रमाण उतरू लागतं, तिथली अर्धी पातळी यायला महिनाभर लागतो. हाडात साठलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. बाळाला लोह आणि कॅल्शियम पुरेसं मिळतंय ना बघा, ते कमी पडलं की शिसं जास्त शोषलं जातं. नाचणीची पेज आपल्याकडे असतेच, हिमोग्लोबिन मात्र डॉक्टरांकडूनच तपासा. शिसं ‘काढून टाकणारी’ चूर्णं आणि काढे देऊ नका. काही भस्मांत तर शिसंच असतं. आणि आकडा जास्त आला तर फक्त भांड्यांवर खापर फोडून थांबू नका, जुन्या दारा-खिडक्यांच्या पोपडे सुटलेल्या रंगाकडे, शेंदराकडे, घरात कोणी बॅटरीचं किंवा जाळ्याचं काम करतं का याकडेही बघा. सून पुन्हा गरोदर राहिली तर तिच्यासाठीही हेच नियम, कारण आईच्या हाडातलं शिसं त्या काळात रक्तात येतं आणि बाळापर्यंत पोचतं.

पाहुण्यांचं म्हणाल तर ते तुमच्या घरी पैसे देऊन जेवतात, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम तुम्हाला लागू. नीट कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं आणि टवके उडालेलं, गंजलेलं इनॅमल स्वयंपाकाला वापरू नये, हे १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतच होतं. त्यामुळे कथिलाचं बिल आणि तपासणीचा कागद फायलीत ठेवा. दिखावा हवा तर स्वयंपाक स्टीलमध्ये करा आणि वाढताना केळीचं पान काशाच्या थाळीत घाला. फोटोही चांगला येतो.

राहता राहिला बंब. त्याला बहुतेक ठिकाणी तळाला, तोटीला किंवा नळीला कधी ना कधी डाग दिलेलाच असतो. अंघोळीला बिनधास्त वापरा. पहाटे घाईत त्यातलंच कढत पाणी चहाला किंवा बाळाच्या दुधात घ्यायची सवय घरात कोणाला असेल तर ती मोडा, आणि पाहुण्यांनाही कळावं म्हणून तोटीजवळ ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी लावा.